जरीनाबाईंनी उसवलेली सीट

जळगावात अजिंठा चौफुलीच्या अलीकडे, पत्र्याच्या एका शेडमध्ये जरीनाबाई गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या. ‘शिवायच्या’ असं लिहावं लागतंय, याचाच मला संताप आहे. बाई ठणठणीत आहेत, हात अजून तसाच चालतो. पण ती शेड आता त्यांची राहिली नाही. का नाही राहिली, तेच सांगायला मी बसले आहे.

मी नूतन. भुसावळला शाळेत विज्ञान शिकवते. जरीनाबाईंची ओळख वडिलांमुळे झाली, खरं म्हणजे वडिलांच्या हट्टामुळे. त्यांना सगळे प्रेमराज नाना म्हणतात, मीही नानाच म्हणते. वरणगावच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं ते तपासणी खात्यात होते. तयार माल टेबलावर यायचा, नाना गेज लावून बघायचे, माप बसलं तर शिक्का मारायचे, नाही बसलं तर लाल पेन्सिलीने फुली. घरी आईने आणलेला कुकरसुद्धा त्यांनी कडेवरून बोट फिरवून तपासला होता आणि दुकानदाराला परत पाठवला होता. असा माणूस रिटायर झाल्यावर घराचा वरचा मजला चढवेल असं आम्हाला वाटत होतं. नानांनी जाहीर केलं की त्यांना पळणारी गाडी घ्यायची आहे.

“पळणारी म्हणजे?” आईने विचारलं.

“पळणारी म्हणजे पळते ती. चौतीस वर्स सायकल न् स्कूटर. आता मले पळायचं हाये.”

नवी घ्यायची तर पंचवीस लाखांच्या पुढे, म्हणून जुनी शोधायची ठरली. मग सहा महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. नानांनी नियमांची वहीच घातली. गाडी सकाळी थंड असतानाच बघायला जायचं, आणि गेल्याबरोबर आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर दुकानदाराने आधीच सुरू करून ठेवली आहे, म्हणजे थंडीत ती कुरकुरते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, त्यावरून तो कोणत्या वर्षी बनला ते कळतं. सगळ्या काचांवर एकच साल पाहिजे. दार आणि चौकट यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी पाहिजे, आणि ती मोजायला नाना फॅक्टरीतल्यासारख्या पातळ पट्ट्या खिशात घेऊन फिरायचे. टर्बो असेल तर चढावर जोर देताना शिट्टीसारखा आवाज येतो का ते ऐकायचं. नाशिक, धुळे, भुसावळ असं फिरून त्यांनी अकरा गाड्या नापास केल्या. दलाल त्यांना बघून चहा सांगायचेही बंद झाले.

आणि मग भेटला योगेंद्र शेठ.

हा मूळचा धुळ्याकडचा. जळगावात हायवेला त्याचं जुन्या गाड्यांचं यार्ड, वर रंगीबेरंगी झेंडे, आत पंचवीस-तीस गाड्या धुऊन-पुसून उभ्या. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी तो अहिराणीत बोलतो. “नाना, तुम्हीन मना बापना जागावर शेतस. तुम्हले खोटं सांगसू का?” गिऱ्हाइकाला बापाच्या जागी बसवणारं असलं गोड बोलणं ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. पण नानांना मी काय सांगणार?

गाडी लाल होती. सतराचं मॉडेल, पेट्रोल, टर्बो, एकशे ऐंशी हॉर्सपॉवर. कंपनीचं नाव सांगत नाही, तिचा यात दोष नाही. अशाच गाडीला पुण्या-नाशिकला साडेआठ-नऊ लाख मागत होते, योगेंद्र मागत होता सात चाळीस. स्वस्त का, हा प्रश्न नानांनी विचारला, आणि त्याने उत्तरही असं दिलं की पटावं. “पेट्रोल शे नाना, अ‍ॅव्हरेज कमी. आपला खान्देशमा ह्या गाडीले गिऱ्हाईक कोन?” खोटं बोलणाऱ्याने नव्वद टक्के खरं बोलायचं असतं, हे त्या माणसाला बरोबर ठाऊक होतं.

नानांनी बॉनेटवर हात ठेवला, थंड. फट मोजली, सारखी. हायवेला वरणगावपर्यंत नेऊन आणली, आणि उतरले तेव्हा त्यांचा चेहरा मी लहानपणी बोनसच्या दिवशी बघायचे तसा झाला होता. तरी ते अडले होते. मीटरवर एकतीस हजार किलोमीटर होते, आठ वर्षांच्या मानाने फारच कमी. तेव्हा योगेंद्रने सर्व्हिसचं पुस्तक काढून पुढे ठेवलं. आठ सर्व्हिस, आठ शिक्के.

नानांनी एकेका शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. तिथेच ते फसले. मी रागावून कितीदा विचारलंय, नाना, तुम्ही फट मोजलीत, काचांवरचं साल बघितलंत, शिक्के का नाही तपासलेत? आठही शिक्के एकाच शाईचे, एकाच बाजूला कललेले, एकाच बैठकीत मारलेले! पण ज्या माणसाने चौतीस वर्षांत एकही खोटा शिक्का मारला नाही, त्याला दुसऱ्याचा शिक्का खोटा असेल हे सुचतच नाही. पन्नास हजार टोकन देऊन आम्ही मोकळे झालो.

“सीट कव्हर आपल्याकडून भेट,” योगेंद्र म्हणाला. “मागेच आपली शेड आहे, बाई शिवून देईल.”

ती शेड जरीनाबाईंची. जागा योगेंद्रची, भाडं बाईंचं, आणि महिन्याच्या दहा गाड्यांपैकी सहा-सात त्याच्याच यार्डातल्या. दुकान मुळात त्यांच्या नवऱ्याचं, शकीलभाईंचं. त्यांच्या हाताखाली जरीनाबाई रेग्झिन कापायला शिकल्या, मग मशीनवर बसल्या. सहा वर्षांपूर्वी शकीलभाई गेले तेव्हा कहकशा, त्यांची मुलगी, सातवीत होती. नात्यातल्यांनी सांगितलं, मशीन विकून टाका, बाईमाणसाने गॅरेजच्या रस्त्यावर बसायचं का? त्यांनी दुखवट्याचे चाळीस दिवस होऊ दिले आणि एकेचाळिसाव्या दिवशी शटर उघडलं. त्यानंतर वर्षभर गिऱ्हाइकं आत येऊन त्यांनाच विचारायची, “मिस्त्री कुठं गेले?” त्या म्हणायच्या, “बोला, मीच मिस्त्री.” अर्धे लोक हसून निघून जायचे. आज जळगावातले डॉक्टर आणि केळीवाले बागायतदार त्यांच्याकडेच गाडी आणतात, तरी कुणाच्या तोंडून ‘मिस्त्री’ निघत नाही, ‘सीटवाली बाई’ एवढंच निघतं.

आम्ही गाडी घेऊन गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. नानांनी गडद तपकिरी रंग निवडला आणि बजावलं, “जुन्यावर नवं चढवू नका. जुनं काढा, मंग नवं बसवा. खाली काय हाये ते पाह्यल्याबिगर मी कशावर काही चढवत नाही.”

बाईंनी जरा थांबून त्यांच्याकडे बघितलं. यार्डातल्या गाडीसाठी असं सांगणारं गिऱ्हाईक कधी आलं नव्हतं. योगेंद्रचा हुकूम कायम एकच, वरून चढव आणि दोन तासांत मोकळी कर. आताही त्यांचा फोन वाजला. स्पीकर चालू नव्हता, पण शेठचा आवाज काय कमी? “वरूनच चढव, म्हाताऱ्याला काय कळतंय.”

नाना दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि ऐकू आलंच नाही असं दाखवलं. मला इतका राग आला की मी तिथून उठून उन्हात जाऊन उभी राहिले.

बाईंनी फोन ठेवला आणि ड्रायव्हरची सीट नटबोल्ट काढून बाहेर फरशीवर आणली. मागच्या तारेच्या कड्या एकेक सोडवल्या, कव्हर अर्धं वर उचललं आणि थांबल्या. मला खूण करून म्हणाल्या, “मॅडम, हे बघा. दाराकडच्या बाजूचा फोम पार बसलाय. माणूस चढता-उतरताना इथंच घासतो. एकतीस हजारात असा नाही बसत. ही गाडी एक लाखाच्या पुढं गेलेली आहे.”

नाना पुढे आले. “पुस्तकात शिक्के हायेत.”

“असतील नाना. मी फोमचं सांगते.”

“तुम्ही सीट शिवा, बाई,” माझे वडील म्हणाले. “गाडीचं आम्ही पाह्यलं.”

माझ्या वडिलांनी असं म्हटलं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. ज्या शेठने त्यांना म्हातारा म्हटलं त्याच्यावर विश्वास, आणि जी बाई त्यांच्याच सांगण्याप्रमाणे जुनं उसवून बघत होती तिला हे उत्तर! बाईंनी कव्हर दाराच्या बाजूने आणखी उसवलं. ह्या गाडीत सीटच्या कडेलाही एअरबॅग असते, अपघातात ती शिवण फाडून बाहेर येते आणि माणसाच्या बरगड्या वाचवते. म्हणून तिथल्या शिवणीला मिस्त्री कच्चा दोरा घालतो, वेळ आली तर तुटावा म्हणून. बाईंना तिथे पक्क्या नायलॉनच्या दोऱ्याची दुहेरी शिवण दिसली. त्यांनी ब्लेडने ती कापली, आत हात घातला, आणि हात तसाच राहिला.

मग त्यांनी नानांचं मनगट धरून त्यांचा हात आत घातला. परक्या पुरुषाचा हात असा धरणारी ही बाई नव्हे. पण त्या क्षणी त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

नानांनी हात बाहेर काढला तेव्हा मुठीत चिंध्या होत्या. मरून रेग्झिनची कात्रणं, फोमचा चुरा, आणि हिरव्या कापडाचा एक तुकडा, कडेला चंदेरी टिकल्यांची पट्टी.

“इथं काय पाह्यजे होतं?” नानांनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

शेडमध्ये एका डॉक्टरांची गाडी आली होती, तिची सीट उघडीच होती. बाईंनी नानांना तिथे नेलं. एअरबॅगची घट्ट घडी घातलेली पिशवी, वर नंबर, खाली पिवळी तार. नानांनी ती बोटांनी चाचपली, परत येऊन आमची रिकामी जागा चाचपली. फॅक्टरीत नमुन्याचा तुकडा शेजारी ठेवून माल बघायचे, तसंच. नंतर त्यांनी स्वतःहून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. तळाशी कापडाची चिठ्ठी होती, साल वीस. सतराच्या गाडीला वीसचा पट्टा! म्हणजे ही गाडी जबरदस्त आपटली होती, फुग्यांसकट सगळं आतून फुटलं होतं, आणि कुणीतरी ते काढून, धोक्याचा दिवा लागू नये अशी तार जोडून, वरून शिवून टाकलं होतं. आणि ह्या गाडीत माझे वडील एकशे ऐंशी हॉर्सपॉवरने पळणार होते.

पण जरीनाबाई गाडीकडे बघतच नव्हत्या. त्या हिरवा तुकडा हातात घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. “हा माझ्या कहकशाचा ईदचा ड्रेस,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षांपूर्वीचा. इथंच शिवला होता मी.”

योगेंद्रचा माणूस दर आठवड्याला यायचा आणि शेडमधल्या चिंध्यांचं पोतं घेऊन जायचा, गाड्या पुसायला म्हणून. बाई कधी नाही म्हणाल्या नाहीत, चिंध्यांना कोण नाही म्हणतं? त्यांच्या घरचं कापड, त्यांच्या लेकीच्या सणाचं कापड, त्या नालायकांनी माणसाच्या जिवाच्या जागी कोंबलं होतं.

मी फोन लावला, योगेंद्र पाच मिनिटांत आला. आधी हसला, मग म्हणाला गाडी त्यालाही अशीच मिळाली, मग म्हणाला सीटवाल्या बाईला एअरबॅगमधलं काय कळतं. नाना एवढंच म्हणाले, “टोकन.” पन्नास हजार त्याने तिथल्या तिथे परत केले, कारण त्याला आम्ही गप्प हवे होतो. बाईंकडे वळून म्हणाला, “वर्षभर भाडं देऊ नको. विषय संपला.”

खरं सांगते, आमच्यापुरता विषय संपलाच होता. पैसे मिळाले होते, वडील वाचले होते, मी पर्स उचलली होती. जरीनाबाई म्हणाल्या, “तुमचं झालं मॅडम. माझं नाही झालं.”

त्यांनी मोबाइल काढला. काम झालं की त्या गाडीचा फोटो काढतात, नवीन गिऱ्हाइकाला दाखवायला. दोन वर्षांतल्या फोटोंत सीटला एअरबॅग असलेल्या यार्डातल्या चार गाड्या निघाल्या. चारही गाड्यांना त्यांनी जुनं न उसवता वरून कव्हर चढवलं होतं. “मी आत बघितलं नाही,” त्या म्हणत होत्या. “तो म्हणाला वरून चढव, मी चढवलं. शकील असता तर त्याने मला मशीनवरून उठवलं असतं.”

योगेंद्र समोरच उभा होता. बाईंनी त्याला सांगितलं, “शेठ, मी चौघांना जाऊन सांगणार.”

“मग शेड महिनाअखेर खाली पाहिजे,” तो म्हणाला. “मशीन कुठं ठेवणार ते बघ. पोरीची फी कोण भरतं ते पण बघ.”

“बघते,” बाई म्हणाल्या. त्यांनी ब्लेड पुसलं आणि डबीत ठेवलं.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं एसटीने धुळ्याला गेलो. चार फोटोंपैकी एका गाडीच्या मालकिणीने नंतर स्टिअरिंग कव्हरसाठी फोन केला होता, म्हणून तिचा नंबर बाईंकडे होता. नाव दिपमाला. शिरपूरला कॉलेजात शिकवते, रोज धुळ्याहून हायवेने गाडी चालवत जाते-येते. प्रवासभर नाना खिडकीबाहेर बघत होते. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा ते जरीनाबाईंना म्हणाले, “त्या दिवशी मी तुम्हाले जे बोललो, ते चुकलं माझं.” बाई म्हणाल्या, “आता ते राहू द्या, नाना.” राहू द्या म्हणणं त्यांनाच जमलं, मला जमलं नसतं.

दिपमालाच्या दारात आमचं काय स्वागत झालं? तिच्या नवऱ्याने बाईंना खालून वर बघितलं आणि विचारलं, “किती घेणार तुम्ही?” दिपमाला म्हणाली, “योगेंद्रभाऊ आमच्याच गावचे आहेत, ते असं करणार नाहीत. दुसऱ्या कुठल्या यार्डाने पाठवलंय का तुम्हाला?” शेड घालवून, एसटीचं तिकीट स्वतः काढून आलेली बाई अंगणात उभी, आणि तिला हे विचारतात! मी तोंड उघडणार होते. जरीनाबाईंनी माझा हात दाबला.

“ताई, मी पैसे मागायला आले नाही,” त्या म्हणाल्या. “एक शिवण कापू द्या. काही नाही निघालं तर चारी सीटांची नवी कव्हरं फुकट शिवून देते.”

दिपमालाने किल्ली आणून दिली. बाई अंगणातच गाडीच्या दाराशी गुडघ्यावर बसल्या. आधी स्वतः शिवलेलं कव्हर काढलं, मग खालची शिवण बोटांनी चाचपली, आणि ब्लेड लावलं. त्यांचे ओठ हलत होते. आत सगळं ठीक असू दे, आपण खोटे पडू दे, असंच काहीतरी त्या मागत असणार. मी तरी तेच मागत होते. त्यांनी आत हात घातला आणि डोळे मिटले.

बाहेर आलं ते काळं रेग्झिन, जुन्या चादरीचा तुकडा आणि हिरवं कापड. टिकल्यांची पट्टी इथे जास्त लांब होती.

कुणी न सांगता त्या उठून पलीकडे गेल्या आणि शेजारची सीट उसवली. तिच्यातही तेच.

“तिथं माझी मुलगी बसते,” दिपमाला म्हणाली. नवरा जे बोलला होता त्याची त्याला आता लाज वाटली असावी, तो पाणी आणायला आत गेला.

“पावणेदोन वर्षं,” दिपमाला म्हणत होती. “रोज शंभर किलोमीटर.” मग तिने बाईंकडे बघितलं. बाईंनी सवयीने सुईत दोरा ओवायला घेतला होता. “शिवू नका. असंच राहू द्या. तक्रार करायचीय, हे सगळ्यांना दाखवायचंय.”

नानांनी शर्टाच्या खिशातून लाल पेन्सिल काढली. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी ती खिशात असते, आम्ही त्यावरून त्यांना चिडवतो. ते वाकले, उघड्या फोमवर मोठी फुली मारली, खाली तारीख घातली आणि सही केली. चौतीस वर्षं नापास मालावर करत होते तशीच.

पेन्सिल खिशात जाणार तेवढ्यात जरीनाबाईंनी हात पुढे केला.

“द्या नाना,” त्या म्हणाल्या. “वरचं कव्हर मी चढवलं होतं.”

त्या परत गुडघ्यावर बसल्या आणि नानांच्या सहीखाली, सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं: जरीना शकील, मिस्त्री.